अकरा किलो चारशे: उरलेल्या सुताच्या नोंदी

6 जानेवारी 2025, सोमवार

आज शेवटी ती गोणी काट्यावर ठेवली. कधीची जिन्याखाली पडून होती, जे उरलं ते त्यात, कोनाचं (सूत गुंडाळून येतं त्या कागदी शंकूचं) शेवटचं टोक, रंग बिघडलेली लडी, कापलेल्या गाठी, सँपल विणून उसवलेलं सूत, सगळं त्यातच. मी म्हणायची की पुढेमागे काहीतरी करू याचं. वजन भरलं 11 किलो 400 ग्रॅम. सुताचा भाव धरून कागदावर आकडा मांडला तेव्हा पोटात गोळाच आला, दोन्ही मावशींचा दिवाळीचा बोनस निघाला असता त्यात.

आपलं काम तसं छोटंच आहे. नागपूरच्या महाल भागातल्या घराच्या मागच्या दोन खोल्या, एकीत रंगाई आणि एकीत लड्या-गुंड्या, दोन मावशी रोज येतात, धाकटी जाऊ पॅकिंग आणि कुरिअर बघते. मुख्य माल सुती क्रोशाचा धागा, 10 नंबरचे 8 पदर, थंडीत थोडी लोकर, आणि दोन बायका ॲक्रिलिकचे तयार गुच्छे मागतात म्हणून तेही ठेवतो. इतक्याशा कामात साडेअकरा किलो वाया म्हणजे हे काही बरोबर नाही. आजपासून वहीत लिहायचं ठरवलंय, जे होईल ते.

9 जानेवारी, गुरुवार

गोणी गच्चीवर सतरंजी अंथरून ओतली. सकाळपासून तिघी बसलो, जेवणाची सुट्टी सोडली तर संध्याकाळपर्यंत तेच.

पहिली चूक लगेच कळली. आम्ही रंगाप्रमाणे ढीग लावायला लागलो, लालात लाल, निळ्यात निळा, दिसायला लई छान, दोन तासानी लक्षात आलं की लालाच्या ढिगात सुती पण आहे आणि ॲक्रिलिक पण आहे आणि त्या दोघांचं पुढे एकत्र काहीच करता येत नाही. सुती असलं तर ते पाणी पितं, रंग पुन्हा घेतं. ॲक्रिलिक आमच्या रंगात बुडवलं तर जसंच्या तसं वर येतं. मग सगळे ढीग मोडले.

हाताला कळत नव्हतं तिथे चिमटा आणि मेणबत्ती घेऊन बसले. सुती धागा भुर्रकन पेटतो, जळत्या कागदाचा वास येतो आणि मागे मऊ राख राहते, बोटानी उडून जाते. लोकर नीट पेटतच नाही, ज्योत बाजूला केली की विझते आणि केस जळाल्याचा वास येतो, टोकाला काळं काहीतरी राहतं ते चुरगळलं की भुगा होतो. ॲक्रिलिक वितळत वितळत जळतं, आणि थंड झाल्यावर टोकाला कडक काळा मणी बसतो, नखानी फुटत नाही. मोठ्या मावशी म्हणाल्या, "ताई, आता तर मले नुसत्या वासानं समजून राहिलं." खरंच, शेवटी शेवटी त्या डोळे मिटून सांगत होत्या.

हिशोब असा निघाला: सुती 4 किलो 600, ॲक्रिलिक 2 किलो 900, लोकर 700 ग्रॅम, आणि 3 किलो 200 असा गुंता की ज्यातून काहीच वेगळं काढता येत नाही. हा सगळ्यात मोठा धडा बसला मला. हा गुंता गोणीत झाला, कातरीखाली नाही. कापलं त्या क्षणी वेगळं टाकलं असतं तर झालाच नसता.

संध्याकाळी तीन डबे आणले, बिस्किटाचे मोठे, त्यावर खडूनी लिहिलं सुती, लोकर, ॲक्रिलिक, आणि रंगाचं नाव काढायचं नाही असं सगळ्यांना सांगितलं. डबे कातरीच्या जवळच, हात पोचेल असे. खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवले तर कोणी उठून जात नाही, मी पण नाही.

20 जानेवारी, सोमवार

दोन आठवडे रोज संध्याकाळी उरलेलं वजन केलं आणि कशातून उरलं तेही लिहिलं. एकूण 1240 ग्रॅम. त्यातलं 810 ग्रॅम नुसतं कोनाची शेवटची टोकं! सँपल 150, बांधायचे तुकडे आणि कापाकापी 170, रंगात बिघडलेलं किंवा गुंतलेलं 110.

मी इतके दिवस समजत होते की आपलं नुकसान रंगाच्या चुकांमुळे होतं. मावशींना दोनदा बोलले पण होते त्यावरून, ते आज मनाला लागलं. संध्याकाळी चहा घेताना त्यांना वही दाखवली आणि सांगितलं की चूक तुमची नव्हती.

3 फेब्रुवारी, सोमवार

कोनाचं गणित. त्या दोन आठवड्यांत 12 कोन, टोकं 810 ग्रॅम, म्हणजे एका कोनामागे सदुसष्ट-अडुसष्ट ग्रॅम. असं का, तर कोन एक किलोचा म्हणून येतो पण कागदाचा कोन वजा केला की सूत भरतं 967च्या आसपास, आम्ही 100-100 ग्रॅमच्या 9 लड्या काढतो आणि दहावी पूर्ण होत नाही म्हणून टोक डब्यात. वर्षानुवर्षं हेच चालू. कोणी थांबून विचारच केला नाही की दहावी लडी 100चीच कशाला पाहिजे.

आमच्या सुताची लांबी साधारण अशी बसते. नंबर म्हणजे एका पौंडात 840 यार्डाच्या किती लड्या, 10 नंबर म्हणजे 10 लड्या, 8 पदर केले की लांबी आठवा भाग, तर 100 ग्रॅममध्ये हिशोबानी 211 मीटर, पण पिळात थोडी जाते आणि हातात 205 येते. कोनावरच्या टोकात मग 137 मीटर उरतात. त्यात 60 मीटरच्या दोन छोट्या लड्या आरामात बसतात आणि हातात राहतात फक्त 17 मीटर, ते लड्या बांधायलाच लागतात!

आजपासून छोट्या लड्या त्याच कोनाच्या मोठ्या लड्यांबरोबर त्याच पातेल्यात रंगवायच्या. नंतर वेगळ्या रंगवल्या तर शेड जुळत नाही. छोटी बाहुली, कानातले, फुलं विणणाऱ्या बायकांना एका रंगाचा अख्खा गुच्छा नकोच असतो, त्यांना थोडं थोडं पण बरेच रंग पाहिजेत. सहा रंगांचा संच करून बघते.

17 फेब्रुवारी, सोमवार

उरलेला रंग. हे लिहायला वेळ लागला कारण मधे दोनदा हात पोळले.

सुतासाठी आम्ही थंड पाण्यातले रिॲक्टिव्ह रंग वापरतो, मीठ आणि सोडा ॲश घालून. पातेल्यात रंगीत पाणी उरलं की जीव तुटायचा, म्हणून ते बादलीत झाकून ठेवून दुसऱ्या दिवशी त्यात सूत टाकलं. फिक्कट, मळकट काहीतरी निघालं आणि धुताना तेही गेलं. असं का होतं ते इतवारीत ज्यांच्याकडून रंग घेते त्या काकांनी समजावलं. सोडा पडला की रंग सुताशी जोडला जातो तसाच तो पाण्याशीही जोडला जातो, आणि एकदा पाण्याशी जोडला की सुताच्या कामाचा राहिला नाही. काही तासांत खेळ खलास. पाणी रंगीत दिसतं, पण आत जीव नसतो.

म्हणजे वाचवायचं असेल तर सोडा पडायच्या आधी. आता रंगाचं घट्ट पाणी वेगळं बनवतो, लागेल तेवढंच पातेल्यात घेतो, सोडा फक्त पातेल्यात. उरलेलं घट्ट पाणी काचेच्या बाटलीत, वर नाव आणि तारीख, जुना छोटा फ्रिज आहे त्यात, आणि त्या फ्रिजमध्ये खायची वस्तू ठेवायची नाही हे घरात सगळ्यांना निक्षून सांगितलंय. थंडीत चार-पाच दिवस चालतं. पावडर काढताना तोंडाला मास्क लावायचाच, ते हवेत उडतं.

दुसरं म्हणजे क्रम. आधी सगळ्या बाटल्यांचं उरलंसुरलं एकत्र ओतायचो आणि दर वेळी तोच चिखलाचा रंग, कारण लाल आणि हिरवं एकत्र आलं की दुसरं काय होणार. आता दिवस लावून घेतलेत. एक दिवस पिवळा, मग केशरी, मग लाल, मग मरून. दुसऱ्या दिवशी फिरोजी, निळा, गर्द निळा. पिवळ्याची बाटली उरली की ती केशरीत जाते, केशरीची लालात, फेकायला काही राहतच नाही. केशरी आणि लालाच्या मधे एक शेड अशी आली की धाकट्या जाऊबाई बघताच म्हणाल्या, "अगं ही तर पोह्यावरची तर्री!" तेच नाव ठेवलं, तर्री. तशी शेड पुन्हा हुबेहूब निघणार नाही हे चिठ्ठीवर लिहून विकली, एका दिवसात गेली.

28 फेब्रुवारी, शुक्रवार

कढीपत्त्याचं झाड गेलं. सासूबाईंच्या हातचं, अकरा वर्षांचं.

धुण्याचं पाणी वाया जातं म्हणून महिनाभर ते झाडांना घालत होते. आधी पानांची टोकं करपली, मला वाटलं ऊन वाढलं म्हणून, मग पानं गळली, मग फांद्या वाळल्या. लिटरला 50 ग्रॅम मीठ आणि वर सोडा, पहिल्या धुण्यात ते सगळं उतरतं आणि तेच मी मुळाशी ओतत होते. रंगाचा डाग दिसतो म्हणून रंगाची भीती वाटते, मीठ दिसत नाही म्हणून कोणी घाबरत नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसतं त्या खोडावरून हात फिरवून आत गेल्या.

आता असं करतो, शेवटच्या धुण्याचं जवळजवळ स्वच्छ पाणी ड्रममध्ये साठवायचं आणि पुढच्या लॉटच्या पहिल्या धुण्याला तेच वापरायचं. झाडांना एक थेंब नाही. लोकरीचं वेगळं आहे, तिला आम्ल लागतं, व्हिनेगर घालून गरम केलं की लोकर सगळा रंग ओढून घेते आणि पाणी नितळ होतं, त्याच पाण्यात थोडा नवीन रंग घालून पुढची लोकर. तीन-तीन वेळा तेच पाणी चालतं.

1 एप्रिल, मंगळवार

20 मार्चला जागतिक चिमणी दिवस असतो, 2010 पासून पाळतात, तेव्हा कोणीतरी सुचवलं की सुताचे तुकडे झाडावर लटकवा, पाखरं घरट्याला नेतात. मला किती आवडली होती ती गोष्ट! जाळीच्या पिशवीत रंगीबेरंगी तुकडे भरून गच्चीच्या तारेवर बांधले आणि दोन दिवसांत चिमण्या यायला लागल्या, मुलगा तर शाळेत सांगून आला सगळ्यांना.

आज सकाळी मीटरच्या पेटीवरच्या घरट्यातून एक पिल्लू खाली लोंबकळत होतं. पायाला लाल धागा, दोन-तीन वेढे, धाग्याचं दुसरं टोक घरट्यात अडकलेलं. मी स्टुलावर उभी, मावशींनी पिल्लू ओंजळीत धरलं, काड्यापेटीइतकं ते, छातीत धडधड नुसती. भरतकामाच्या कातरीनी एकेक वेढा कापला. पाय सुजलेला, वेढा होता तिथे वळ उमटलेला. परत घरट्यात ठेवलं. संध्याकाळी चोच उघडून ओरडताना दिसलं तेव्हा कुठे घोट गिळला.

जाळी काढली. धागा तुटत नाही हाच त्याचा गुण आहे आणि पिल्लासाठी तोच फास. संक्रांतीला नायलॉन मांज्यावर आपण इतकं बोलतो आणि मी स्वतःच्या हातानी तेच तारेवर टांगलं. ज्यांनी ज्यांनी माझं बघून केलं असेल त्या सगळ्यांना आज फोन केले, काढून टाका म्हणून.

12 एप्रिल, शनिवार

सुती ढीग, 4 किलो 600. त्यातून हातभर किंवा जास्त लांबीचे तुकडे वेगळे काढले, 1 किलो 300 निघाले, ते ठेवलेत. बाकी 3 किलो 300 बोट-दोन बोटांचे, त्याचं काय करायचं हे सुचत नव्हतं.

सुचलं ते बाबांमुळे. बाबा एम्प्रेस मिलमध्ये होते. टाटांनी 1877 मध्ये सुरू केलेली मिल, आमच्या लहानपणी अर्धं नागपूर तिच्या भोंग्यावर चालायचं म्हणतात. बाबा घरी येताना कधीकधी खिशात सुताचा एक बोळा असायचा, मशीन पुसायचा, त्याला सगळे वेस्टच म्हणायचे, सायकलची चेन ते त्यानीच पुसायचे. आज त्यांना सहज विचारलं तर म्हणाले, "अगं गॅरेजवाले अजून विकत घेतात ते. विचारून तर बघ."

गणेशपेठेकडे जाताना एक गॅरेज लागतं, त्या दादांकडे अर्धा किलोची पिशवी घेऊन गेले. त्यांनी एक मूठ घेतली, इंजिनावरचं ऑइल पुसलं, बघितलं, मग हात पुसले. "सुती आहे नं पूर्ण? मागं एकानं मिक्स आणून दिलं होतं, ऑइल प्यायलाच तयार नाही, नुसतं इकडचं तिकडं." मी म्हटलं एकेक धागा जाळून बघितलाय. हसले. रंग हाताला लागतो का तेही त्यांनी ओलं करून चोळून पाहिलं, आमचं नीट धुतलेलं होतं म्हणून लागला नाही. सगळं 3 किलो 300 घेऊन गेले आणि दर महिन्याला पाहिजे म्हणाले. फार पैसे नाहीत त्यात, पण तो डबा आता कचरा राहिला नाही, माल झाला. जानेवारीत गच्चीवर जो दिवस घातला त्याचे हे पैसे.

6 मे, मंगळवार

ऊन बोलायची सोय नाही. दुपारी 1 ते 4 काम बंद, सकाळी सहाला सुरू करतो. रंगाच्या बाटल्या फ्रिजबाहेर दोन दिवस टिकत नाहीत.

एक विचित्र गोष्ट. लडी मोजताना लहान मावशी म्हणाल्या की 100 ग्रॅम भरायला फाळक्याचे (सूत गुंडाळायच्या चौकटीचे) फेरे जास्त लागून राहिले. मला वाटलं काटा बिघडला. मोजलं तर 213 मीटर! मग डोक्यात प्रकाश पडला, सूत हवेतलं पाणी धरून ठेवतं, व्यवहारात कापसाच्या सुताला साडेआठ टक्के ओल धरतात, आणि नागपूरच्या मे महिन्यात हवेत ओल आहे कुठे. सूत हलकं झालं, म्हणून 100 ग्रॅमला जास्त लांबी जाते. पावसाळ्यात उलटं होणार, सूत ओल धरणार आणि त्याच 100 ग्रॅममध्ये गिऱ्हाइकाला कमी मीटर मिळणार. गेल्या ऑगस्टमध्ये एका ताईंचा टेबल रनर दोन ओळींसाठी अडला होता आणि मी त्यांना म्हटलं होतं की तुमचा हात सैल असेल. चूक माझी होती. आज त्यांना मेसेज करून एक छोटी लडी पाठवली.

आता वजनानी लडी काढायची नाहीच. फाळक्याला फेरे मोजायचं यंत्र लावलंय, सायकलचं जुनं मीटर. लडी 200 मीटरची, बारा महिने. आणि गंमत बघा, एका कोनात 1980च्या आसपास मीटर येतात, 200च्या 9 लड्या झाल्या 1800, आणि उरलेल्या 180 मध्ये 60च्या 3 छोट्या. टोक म्हणून हातात काही राहतच नाही! कोनाकोनात थोडा फरक असतो, कधी पाच मीटर उरतात कधी शेवटची छोटी लडी कमी पडते, पण डबा रिकामा दिसून राहिला.

गुंत्याचंही थोडं मार्गी लागलं. चौकातल्या माठवाल्या मावशींकडे चुंबळी संपल्या होत्या. गुंत्याचा कडक पिळून गोल वळा केला, वरून जुन्या सुती साडीची चिंधी गुंडाळली, टाके घातले. माठ पाझरतो त्यामुळे चुंबळ कायम ओली, नुसत्या सुताची असली की कुबट वास मारते, पण आमच्या गुंत्यात ॲक्रिलिक भरपूर आहे, ते पाणी धरत नाही, चिंधी उन्हात वाळली की झालं. 14 चुंबळी दिल्या, 2 किलो गुंता गेला.

15 जून, रविवार

पाचपावलीत एका विणकर बाबांकडे गेले होते. नागपुरी लुगडी विणायचे, आता हातमाग एकच चालू, तोही मनावर. त्यांना विचारायचं होतं की मागावर ताणा, म्हणजे उभे तार, संपताना जे टोक विणता येत नाही त्याचं तुम्ही काय करता.

बाबा म्हणाले, "त्याले कापाचंच कायले? तेच तर पुढच्या तान्याचं तोंड असते." मग दाखवलं. जुना ताणा फणीत तसाच ठेवायचा, आणि नव्या ताण्याचा एकेक तार जुन्याच्या एकेक टोकाला गाठायचा, तीन हजाराच्या आसपास तार, म्हणजे पुन्हा सगळं फणीतून ओवत बसायला नको. अंगठा आणि तर्जनीमध्ये दोन्ही टोकं धरायची, एक वळसा, नखानी दाबून ओढ, गाठ इतकी बारीक की फणीतून सुळकन जाते. मी शंभरेक गाठी मारल्या, अर्ध्या सुटल्या. त्यांच्या हाताकडे बघत बसले मग. उजव्या अंगठ्याच्या नखावर मधोमध खाच पडलीय, आयुष्यभराच्या धाग्याची.

मी त्यांना माझ्या डब्यांचं सांगितलं तर म्हणाले चांगलं करून राहिली बाई, आणि स्वतःकडची सुती टोकांची पिशवी दिली, 800 ग्रॅम. पैसे घेतले नाहीत. ती गाठ मी शिकणार आहे, दोन कोन जोडताना तीच पाहिजे, फक्त गाठ लडीच्या सुरुवातीला येईल असं बघायचं आणि चिठ्ठीवर लिहायचं, विणताना मधेच गाठ आली की बाईचा मूड जातो.

11 जुलै, शुक्रवार

लोकरीच्या तुकड्यांना कसर लागली होती, थोडक्यात वाचलं. कडुनिंबाचा पाला घालून हवाबंद डब्यात टाकलं. 700 ग्रॅमच्या टाचण्यांच्या गाद्या शिवतोय, छोट्याच, टाचणी छान घुसते.

सुती तुकडे भरून बसायची उशी केली होती ती फसली. दगडासारखी जड, दोन दिवसात गोळे, आणि या हवेत कुबट. उसवून गॅरेजच्या पिशवीत.

10 ऑगस्ट, रविवार

काल राखी झाली. ते हातभर लांबीचे 1 किलो 300 आणि विणकर बाबांचे 800, राखीला वीतभरच धागा लागतो, त्यामुळे जे तुकडे कशालाच पुरत नव्हते ते इथे बरोब्बर बसले. तीन पदरी वेणी, मधे क्रोशाचं फूल, 640 राख्या विकल्या. मावशींच्या घरच्या मुलींनी फुलं विणली, नगाप्रमाणे पैसे दिले त्यांना रोजच्या रोज. त्या विणकर बाबांना राखी बांधायला गेले होते, त्यांनी ती उलटी करून आधी गाठ बघितली.

आता तान्हा पोळा, पोरांच्या लाकडी बैलांचा.

24 ऑगस्ट, रविवार

शुक्रवारी पोळा, काल तान्हा पोळा आणि मारबत. महालातून मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक जाताना दुकानासमोर उभं राहायला जागा नव्हती, इडा पिडा घेऊन जा गे मारबत, आणि खाली फुटपाथवर पोरं आपापले लाकडी बैल ओढत. त्यातल्या कितीतरी बैलांच्या शिंगांना आमचे गोंडे होते.

ॲक्रिलिकचं काय करायचं हा प्रश्न जानेवारीपासून डोक्यात होता. गोंडा त्याचाच फुलतो. सुती गोंडा चपटा पडतो आणि पोळ्याला पाऊस असतोच, ॲक्रिलिक भिजलं तरी झटकलं की परत फुगतं, रंग उतरत नाही. तीन बोटं रुंदीचा पुठ्ठा घ्यायचा, 40 वेढे, वरच्या टोकाला दोरा ओवून करकचून बांधायचं, खालून कातर, मानेला पिवळ्या धाग्याचे पाच वेढे, मग कंगव्यानी विंचरून खालची कड सारखी कापायची. कापलेली कड परत ॲक्रिलिकच्या डब्यात. मोठ्या मावशी एका तासात 25 करतात.

लाकडी बैल बनवणाऱ्या दोन दादांना दिले, जोडीनी लावून विकले त्यांनी. कामठी रोडकडच्या एका शेतकरी काकांनी खऱ्या बैलजोडीसाठी मागितले होते, त्यांना ॲक्रिलिकचे दिले नाहीत. बैल एकमेकांच्या अंगावरचं चाटतात, ओढतात, ते पोटात गेलं तर बाहेर निघत नाही. त्यांना सुतीचे करून दिले, नीट धुऊन, चपटे का होईना. काका म्हणाले चालते, एक दिवसाचा तर साज आहे.

ॲक्रिलिक 2 किलो 900 मधलं 1 किलो 700 गेलं. 1 किलो 200 शिल्लक. गुंता 1 किलो 200 शिल्लक, तो पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चुंबळींसाठी. ॲक्रिलिकचा नवा माल घ्यायचा बंद केला, ज्या दोन ताई मागतात त्यांना सुतीचे जाड पदर करून दाखवले, एक तयार झाल्या, दुसऱ्या नाही, त्यांना दुसरीकडचं दुकान सांगितलं.

गेल्या दोन आठवड्यांचं उरलेलं वजन केलं. 14 कोन उघडले, सणाचं काम होतं. एकूण 310 ग्रॅम. कोनाची टोकं 40, सँपल 120, कापाकापी 90, बिघडलेलं 60. सँपल आता सगळ्यात मोठा आकडा झाला, दर नवीन रंगाला मी तळहाताएवढा चौकोन विणून बघते. तो उसवून पुन्हा वापरता येईल पण धाग्याला नागमोड पडते. वाफ दिली तर सरळ होतो का ते बघायचंय.

जिन्याखाली आता गोणी नाही, तिथे सासूबाईंनी कढीपत्त्याचं नवीन रोप ठेवलंय, कुंडीत, नळाच्या पाण्यावर.

उद्या 6 कोन यायचेत. आल्या आल्या वजन करून कोनाच्या आतल्या बाजूला पेनानी लिहायचं, मावशींना आठवण करायची.